डोहातली ओली पावलं

बहिर्जी इनामदाराने नदीकाठच्या देवळाचं घर केलं. देव डोहात लोटला, घंटा वितळवून दाराच्या कड्या केल्या आणि गाभाऱ्यात पलंग टाकला. तरी रोज दिवेलागणीला घंटा घणघणायची आणि ओली पावलं उंबऱ्यापाशी येऊन थांबायची.

इनामदाराने साळू गुरविणीला बोलावलं. "हे थांबव, नाहीतर तुझं खोपट पेटवीन!"

साळू म्हणाली, "मालक, गाभाऱ्यात बसतो तो देणारा, बाहेर घंटा वाजवतो तो मागणारा. डोहातला तुमच्या दारी मागायला आलाय."

"काय मागतोय?"

"ज्याचं घर गेलं, तो काय मागणार?"

इनामदाराने उभ्याउभ्या पलंग बाहेर काढवला. माणसं मूर्ती काढायला डोहाकडे धावली. साळू मात्र हलली नाही. ओली पावलं आता उंबरा ओलांडून आत गेली होती.