फूल न मिळालेली बंदूक

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने खंडेनवमीला आपल्या वृद्ध गुरुजींना अगत्याने घरी बोलावले. या व्यापाऱ्यांना इंग्रजी अमलातल्या लष्करी बंदुका जमवण्याचा भारी नाद. बैठकीच्या भिंतीवर त्या ओळीने टांगलेल्या, तेलपाणी करून लखलखीत. सण शस्त्रपूजेचा, म्हणून प्रत्येकीवर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिलेले. एक बंदूक मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्या वाट्याला काहीच आले नव्हते.

यजमानांचे चित्त पूजेत नव्हते. वर्षापूर्वी त्यांनी दुकान एकुलत्या एका लेकीच्या, उर्मिलाच्या, हाती सोपवले होते. आता ती उद्याच्या गाडीने परगावी नोकरीला निघाली होती. तिची बॅग दारातच भरून ठेवलेली होती, आणि तिच्याकडे पाहिले की त्यांना गलबलून येई.

"का जाते आहे पोर?" गुरुजींनी विचारले.

"लग्नसराईत तिने मागवलेला माल कमी पडला. गिऱ्हाइके परत गेली. मी चार शब्द बोललो. आता म्हणते, मला हे जमत नाही. तिला धंद्यातले कुठे कळते, गुरुजी?"

निम्मी मागणी आपणच कारखानदाराला फोन करून परस्पर रद्द केली होती, एवढे मात्र त्यांच्या ओठांवर आले नाही.

गुरुजी उठले. भिंतीवरच्या सर्वांत देखण्या बंदुकीचे फूल काढून त्यांनी कोपऱ्यातल्या बंदुकीवर ठेवले आणि हात जोडले.

व्यापारी गडबडले. "गुरुजी, ती खोटी आहे. विकणाऱ्याने मला टोपी घातली. बाकीच्यांच्या नळीत आतून पीळदार खाचा आहेत, त्यामुळे गोळी नेमकी जाते. हिची नळी आतून साफ गुळगुळीत आहे."

"बाबा रे, ही खरीच आहे," गुरुजी म्हणाले. "सत्तावन्नच्या उठावानंतर साहेबाला आपले शिपाई तर हवे होते, पण त्यांची धास्तीही वाटे. म्हणून दिसायला तशीच बंदूक त्यांच्या हाती दिली, आत मात्र खाचा ठेवल्या नाहीत. शिपाई बिचारा हीच खांद्यावर घेऊन इमानाने उभा राहिला. लांबचा नेम चुकला की बोलणी त्यानेच खाल्ली असतील. पुन्हा वर ऐकले असेल, याला नेम कुठे धरता येतो. कदाचित त्यालाही ते खरे वाटले असेल. म्हणून आजचे फूल त्याला."

व्यापाऱ्यांची मान खाली गेली. मग त्यांनी लेकीला हाक मारली.

"उर्मिला, तो माल तुझ्यामुळे कमी पडला नाही. निम्मा मी रद्द करवला होता. तुला न सांगता."

ती वडिलांकडे पाहत राहिली. "म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, बाबा?"

"अगदी बरोबर होता. चूक माझी. आता जायचे की राहायचे, ते तूच ठरव. यापुढे तुझ्यामागे मी काही करणार नाही."

ज्याच्या हाती काम द्यावे, त्याच्या हाती विश्वासही द्यावा. गुरुजींना हे निराळे सांगावे लागले नाही. त्यांनी फक्त चहा मागितला. उर्मिला डोळे पुसत चहा टाकायला वळली आणि जाता जाता दारातली बॅग उचलून आत घेऊन गेली.