हौसेचा हात

भिंतीला कान असतात, हे सगळ्याच गावांना माहीत आहे. हिवरमाळच्या भिंतीला हात आहे. गावातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावून पाहा. चुलीच्या, किंवा आता गॅसच्या, शेजारी वीतभर जागा अशी दिसेल की तिला ना रंग, ना चुना. तेवढीच उघडी माती आणि त्या मातीवर राखेने माखलेल्या पाच बोटांचा ठसा. जवळ जाऊन पाहिलं तर ठशात टोमॅटोच्या बारीक बिया चिकटलेल्या दिसतात. ज्यांनी स्लॅबची घरं बांधली, फरशा बसवल्या, त्यांनीही तेवढी जागा मातीने लिंपून घेतली आहे. मागे बाहेरगावच्या एका गवंड्याने काम अधुरं राहिलं असं समजून तिथे सिमेंट भरलं, तर मालकिणीने त्याला जेवणावरून उठवून ते काढायला लावलं.

याला गावात 'हौसेचा हात' म्हणतात. का म्हणतात, असं एखाद्या पाहुण्याने विचारलं की भैरोबाच्या देवळातले येसाजी गुरव ओट्यावर मांडी घालतात. "घाई न्हाई ना?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता सुरू करतात.

टोमॅटो या मुलखात नवाच आला होता तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. लोक त्याला टंबाटं म्हणत आणि जरा बिचकूनच असत. हिवरमाळात ते आणलं बायजाबाईने. तिच्या आईने शेवटच्या दुखण्यात आपल्या लुगड्याचा एक तुकडा तिच्या हातात ठेवला होता. त्याला या बिया चिकटवलेल्या होत्या. आईमागे तिच्याकडे एवढंच राहिलं. तिने ते बी परसात मोरीच्या सांडपाण्यावर लावलं, पिकलेल्या फळांची चटणी केली आणि घरोघर चाखायला दिली. जिभेला चव लागली आणि गावाचं बिचकणं कुठल्या कुठे पळालं.

बायजाबाईची जीभ तिच्या टंबाट्यांहून आंबट होती म्हणे, पण हात सढळ. दर साली झाडावरचं पहिलं पिकलेलं, अंगाने भरलेलं फळ ती कुणाला खाऊ देत नसे. ते कुस्करून वाटीत आंबवायचं, गर धुऊन टाकायचा आणि बी राखेत घोळवून चुलीशेजारच्या भिंतीवर चिकटवायचं. धुरामुळे त्याला कीड लागत नसे. रोहिणी नक्षत्र निघालं की गावच्या बायका ताटल्या घेऊन यायच्या. संक्रांतीचं वाण द्यावं तसं हळदीकुंकू लावून बायजाबाई एकेकीला हे वाण द्यायची. बी विकायचं नाही, हा तिचा नेम होता. त्यामुळे झालं असं की बाकीच्या गावाने बी धरणं सोडूनच दिलं. बायजाबाईची भिंत आहे की, असं म्हणून लोक झाडावरचं शेवटचं फळसुद्धा आमटीत घालत.

अशा घरात हौसा सून म्हणून आली. ती वरच्या डोंगरपट्टीतली, तिकडे टंबाटं कुणी पाहिलेलंही नव्हतं. तिचं लग्न झालं तोवर इकडची झाडंही उन्हाने वाळून गेली होती. पोरगी नावासारखीच हौशी. सारवणाला तिचा हात असा, की माहेरी लग्न निघालं की आधी तिला बोलावणं जायचं. सासूच्या जिभेची कीर्ती मात्र तिच्या कानावर हळद लागण्याआधीच गेली होती. तिला मनातून फार भीती वाटायची, आणि भीतीच्या पोटी सासूला खूश करावं असंही वाटायचं.

पाडव्याच्या तोंडावर बायजाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना घर नीट ठेव एवढंच सुनेला सांगितलं. भिंतीवरच्या बियांचं सांगायचं राहिलं. जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, ते कुणाला सांगावं लागतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

हौसाने घर नीट ठेवायचं फारच मनावर घेतलं. चुलीशेजारी धुराने काळवंडलेल्या भिंतीवर राखेचे ठिपके दिसले. तिला वाटलं, पालींनी घाण करून ठेवली आहे. तिने पांढरी माती चाळली, शेण कालवलं आणि त्या जागेवर दुहेरी हात दिला. वर बोटांनी वेलबुट्टी काढली. तिचा नवरा महिपती भाकरी खायला आला, भिंत बघून झकास म्हणाला आणि शेतावर गेला. पुरुषाला भिंत पडल्याशिवाय दिसत नाही, असं येसाजी गुरव इथे हमखास सांगतात.

रोहिणी लागायच्या आदल्या दिवशी बायजाबाई परत आली. चुलीपाशी आली, भिंतीपुढे थबकली आणि तिने तिथे तळवा टेकवला. हौसा मागे कौतुकाची वाट बघत उभी.

"हितं माझी आई हुती," बायजाबाई एवढंच बोलली आणि खाली बसली.

हौसाला काही उमगेना. महिपतीने हलक्या आवाजात त्या बियांचं सांगितलं, तेव्हा कुठे तिला आपण काय केलं ते कळलं. सासूने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायका ताटल्या घेऊन आल्या आणि भिंत बघून हबकल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हिची हौस अख्ख्या गावाला महाग पडली, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, वाण बुडवणारी सून ठेवायची कशाला, पोचवावी माहेरी. हौसा दाराआड उभी राहून ऐकत होती. आता सासूची जीभ सुटणार, या भीतीने तिने डोळे मिटून घेतले.

जीभ सुटली, पण दुसरीकडे. "सून माझी, भिंत माझी," बायजाबाई म्हणाली. "आन् काय गं, तुमच्या घरांना भिंती न्हवत्या व्हय?"

बायकांनी ताटल्या पदराखाली घेतल्या आणि घरची वाट धरली.

हौसा त्या दिवशी पोटभर रडली. आपल्या बाजूने उभं राहणारं माणूस आपल्यामुळेच आईला मुकलं, हे तिला सोसवेना. चुलीपुढे हात जोडून ती नवस बोलली, वाण परत येईस्तोवर या चुलीपुढे बसून जेवणार नाही, परसात मोरीच्या दगडावर भाकरी खाईन. मग विळा घेऊन तिने ती भिंत खरवडायला घेतली. गिलाव्यासकट खालची मातीही काढली. एवढी काढली की आरपार भोक पडलं आणि चुलीवर काय शिजतंय ते गल्लीतून दिसू लागलं. येणारेजाणारे वाकून विचारायचे, "हौसे, आज पिठलं का गं?"

ढेकळं तिने परसात पसरली आणि धुण्याभांड्याचं पाणी त्यांच्यावर सोडलं. शेणामातीतून काय काय उगवलं. गवत उगवलं, माठ उगवला. एक रोप मात्र डौलदार आलं, त्याला इवली पांढरी फुलंही लागली. हौसाने त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण केलं, दृष्ट लागू नये म्हणून काळी चिंधी बांधली आणि सासूला हाताला धरून आणलं. बायजाबाईने एक पान चुरडून हुंगलं.

"पोरी, ही कामोणी हाय," ती म्हणाली आणि खुदकन हसली. कामोणी म्हणजे टंबाट्यासारखंच दिसणारं, कुठेही आपोआप उगवणारं रानटी झुडूप. मग हसू आवरेना, डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. भिंत गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

मग तिने तिथेच दगडावर बसून सुनेला शिकवलं. टंबाट्याचं पान चुरडलं की बोटं हिरवी होतात आणि त्यांना एक वास येतो. कसला वास, असं हौसाने विचारलं. बायजाबाईने जरा विचार केला. "माझ्या आईच्या हाताला यायचा तसला."

तो वास हौसाला कसा कळावा? तेव्हापासून ती उगवेल त्या रोपाचं पान चुरडायची आणि बोटं सासूच्या नाकाशी न्यायची. सासू पीठ मळत असो की जपमाळ ओढत असो, हात समोर यायचाच. बायजाबाई हुंगायची आणि नाही म्हणून मान हलवायची. कधी वैतागायची, कधी हसायची. होता होता असं झालं की हात यायला उशीर झाला तर तीच परसाकडे बघू लागली.

एके सकाळी ती जात्यावर बसलेली असताना हात आला. बायजाबाईने हुंगलं आणि मान हलवली नाही. तिने तो हात दोन्ही हातांनी धरला, तोंडाशी घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

ते रोप कामोणीच्या कुंपणात, तिच्याच सावलीला उगवलेलं होतं. ओल्या गिलाव्यात बी कुजायलाच हवं होतं, असं जाणते म्हणतात. भैरोबाने राखलं, असं येसाजी गुरव म्हणतात. बायकांचं म्हणणं वेगळं आहे. एवढ्या मायेने कामोणी वाढवणारीची त्या बीला दया आली, असं त्या सांगतात.

पहिलं फळ पिकलं तोवर महिपतीने भिंतीचं भोक बुजवलं होतं. बायजाबाईने बी धुतलं, राखेत कालवलं, सुनेचा तळवा त्यात बुडवला आणि ओल्या मातीवर दाबला. "सारं घर सारव पोरी," ती म्हणाली, "एवढं सोडून." त्या दिवशी हौसा चुलीपुढे जेवली, सासूच्या ताटात. पुढच्या रोहिणीला ताटल्या आल्या, तेव्हा बायजाबाईने वाण देताना एकेकीकडून शब्द घेतला, की पहिलं फळ तिच्या स्वतःच्या भिंतीवर जाईल.

आजही हिवरमाळात नवी सून माप ओलांडून आत आली की आधी तिच्या हातात टोमॅटोचं पान देतात. ती ते चुरडते आणि बोटं सासूच्या नाकाशी नेते. मग सासू विचारते, घर किती सारवशील? येसाजींची धाकटी सून पुण्यात नोकरी करते, तिने शेणात कधी हात घातलेला नाही. तिनेही भरल्या घरात, हिरव्या बोटांनी, ठरलेलं उत्तर दिलं, "हौसेचा हात सोडून सगळं."