तान्हूबाईच्या परड्यातील मोहोळ

केवळनाथ महाराज एका श्रावणात शेलवडी गावी मुक्कामाला होते, त्या वेळची ही हकीकत.

आदल्या दुष्काळात गावाने बियाणेही शिजवून खाल्ले होते. तान्हूबाई माळणीने मात्र उपाशी राहून लाल भोपळ्याच्या अकरा बिया राखेत जपल्या. त्या तिने परड्यात लावल्या. वेल मांडवभर पसरले, फुलले. पण फुलांखालची इवली फळे पिवळी पडून गळू लागली. यंदा एकही फळ पिकले नाही, तर गावातून भोपळ्याचे बी कायमचे जाणार होते.

हैबतराव पाटील येता-जाता हसत. देवाचे नाव घेऊन पेरलेस ना, आता फुलांचीच भाजी कर, असे चारचौघांत म्हणत. अखेर तान्हूबाई महाराजांच्या पायांशी येऊन रडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे महाराज स्वतः परड्यात आले. फुले नुकतीच उमलली होती. त्यांनी लांब देठाचे एक फूल खुडले, पाकळ्या काढल्या आणि केसरावरची पिवळी धूळ बुडाशी चिमुकला भोपळा असलेल्या दुसऱ्या फुलात अलगद टेकवली.

“माय, या दोन फुलांची भेट झाल्यावाचून बी धरत नाही. ती भेट मधमाशी घडवते. तुझ्याकडे माशी का फिरकत नाही?”

तान्हूबाईला कारण माहीत होते. घोड्याला माशी चावली म्हणून पाटलांनी वडावरची सारी मोहोळे जाळली होती. पण चहाडी तिला ठाऊक नव्हती.

महाराजांनी सांगितले तसे ती रोज पहाटे करू लागली. शिवलेल्या फुलांची फळे टिकली. पण एकटीचे दोन हात पुरत नसत, आणि ऊन चढताच उरलेली फुले मिटून जात. चौथ्या दिवशी सकाळी महाराज परड्यात आले असता पाटील कुंपणाशी येऊन म्हणाले, “साधूला आता माशीचे काम लागले वाटते.”

महाराजांनी डोळे मिटून नाम घेतले. डोंगराकडून गुणगुण ऐकू आली. एक मोहोळ उडत आले आणि महाराजांच्या बाहीवर बसले. कोपरापासून मनगटापर्यंत माशाच माशा. एकीनेही दंश केला नाही. महाराजांनी हात मांडवाच्या खांबाला टेकला, तशा माशा फुलाफुलांवर पांगल्या.

पाटलांचा चेहरा उतरला. त्यांच्याही मळ्यात दोडकी, कारली अशीच गळत होती. ते महाराजांपुढे वाकू लागले, तोच महाराज मागे सरले.

“पाटील, मोहोळे तुम्ही जाळलीत. तिने तुमचे नाव ओठांवर येऊ दिले नाही. नमस्कार तिला करा.”

त्या दिवशी पाटलांना ते जमले नाही. ते निघून गेले.

दसऱ्याला तान्हूबाईने पहिला भोपळा कापला. आत बी गच्च भरले होते. घरोघरी वाटायला ती निघाली, तर दारात हैबतराव पागोटे काढून उभे! त्यांनी आधी तिच्या पायांवर मस्तक टेकवले, आणि मग उपरणे पसरले.