रिकाम्या घरातला तंबोरा

वेताळगड संस्थानात नारो बल्लाळ नावाचे एक कारकून होते. पगार दरमहा बारा रुपये आणि अंगावर ठिगळांचा अंगरखा. अशा माणसाने एके दिवशी मिरजेहून हस्तिदंती नक्षीचा तंबोरा आणला. दिवाण गुणवंतरावांना लाचेची चव चांगलीच ठाऊक होती, म्हणून त्यांना लगेच संशय आला. शिपाई घेऊन ते स्वतःच झडतीला आले.

"लाच सापडली तर नोकरी जाईल आणि बेडीही पडेल, नारोपंत!"

शिपायांनी सगळं घर धुंडाळलं. निघालं काय, तर दोन ताटं, एक घोंगडी, एक समई आणि कोपऱ्यातला तो तंबोरा.

दिवाण चिडले. "घरात काहीच नाही! मग हा तंबोरा आला कुठून?"

"त्या 'काहीच नाही'मधूनच आला, सरकार. वीस वर्षं घरासाठी जे जे घेतलं नाही, त्या सगळ्याच्या बदल्यात हा एक घेतला."

असं म्हणून नारोपंतांनी तारा छेडल्या. उघड्या भिंतींमधून षड्ज असा घुमला, की शिपायांनी न सांगता पायांतल्या वहाणा काढल्या.

दिवाण हळूच म्हणाले, "माझ्या दिवाणखान्यात याच कारागिराचा, दुप्पट किमतीचा तंबोरा आहे. तो असा का बोलत नाही?"

"बोलेल की, सरकार. पण एवढ्या गालिच्या-पडद्यांच्या गर्दीत बिचाऱ्याने घुमायचं कुठे?"

आरोपाचा कागद दिवाणांनी तिथेच फाडला. गालिचे काढल्याची नोंद मात्र दप्तरात कुठे सापडत नाही.