साळूची जळलेली पोपटी

खाडीकाठच्या एका रानात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. तिच्या अंगभर काटे असल्यामुळे एरवी कुणी तिला खेटून बसायला धजत नसे. हिवाळ्यात मात्र तिच्या दाराशी बैठक जमे, कारण तिच्यासारखी पोपटी साऱ्या रानात कुणाला जमत नव्हती. मुलांनो, पोपटी ठाऊक नसेल तर सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, दोन-चार रताळी, ओवा आणि जाडे मीठ. वर पुन्हा पाला कोंबायचा, मडके जमिनीवर उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा नि काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही, तरी शेंगा कशा लोण्यासारख्या मऊ होतात! आता रानात मडके आणि विस्तव कुठून आला, हे मला विचारू नका. साळूला विचारा.

या पोपटीची कामे ठरलेली होती. शेंगा साळू गोळा करी, पाला ससा आणी आणि ओवा खार आणी. सर्वांत मानाचे काम होते धोबी पक्ष्याचे. सतत शेपटी आपटणारा हा चिमुकला पाहुणा दर हिवाळ्यात दूरच्या बर्फाळ मुलखातून येई आणि ऊन वाढू लागले की परत जाई. चोचीत पाणी आणून तो तापलेल्या मडक्यावर शिंपडे. थेंब चर्रकन आटला की ओरडे, "झाली, झाली!" तोवर मडक्याला कुणी हात लावायचा नाही. तो वेळ सगळे विस्तवाभोवती बसून काढत. धोबी बर्फाच्या गोष्टी सांगे आणि "थापा मार, थापा!" म्हणत ससा आणखी पुढे सरके. साळू वर्षभर वाट पाही ती या बसण्याची.

त्या वर्षी थंडीचा कडाका फार होता. पहिल्याच पोपटीला ससा कुडकुडत म्हणाला, "साळूताई, माझे कान बघ गं, पार गारठलेत. हेच घरबसल्या मिळालं असतं तर काय बहार आली असती!"

"मला तरी कुठे वेळ आहे बाई? पिल्लं घरी एकटी आहेत," खारही म्हणाली.

ही कुरकुर दरवर्षीचीच. दोघे ती दरवर्षी करत आणि दरवर्षी सर्वांत शेवटी उठत. पण या खेपेला साळूने ती मनावर घेतली. माझ्या हौसेपायी यांना त्रास कशाला, असे तिला वाटले. पुढच्या वेळी पाला तिनेच खुडला, ओवा तिनेच शोधला. अंदाजाने मडके उघडले आणि एकेकाचा वाटा पानात बांधून दारात ठेवून आली. सशाचा बिळापाशी, खारीचा झाडाच्या ढोलीत, धोब्याचा खाडीच्या खडकावर. ससा आणि खार पहिल्या दिवशी खूश झाले. मग दर आठवड्याला तसेच होऊ लागले.

शेंगा त्याच होत्या, चवही तीच होती. पण बिळात एकट्याने खाताना सशाला स्वतःच्याच चावण्याचा आवाज ऐकू येई. 'आपल्या कटकटीला ताई कंटाळली असेल,' असे वाटून तो गप्प राही. खारीलाही तसेच वाटे. इकडे साळू विस्तवापाशी एकटी बसे आणि पाऊल वाजले का म्हणून कान देई. 'यांना शेंगा हव्या होत्या, मी नको होते,' असे म्हणून तिचे डोळे भरून येत. तिला सगळ्यांची फार आठवण येत होती, पण बोलावणे पाठवायचा धीर होत नव्हता.

असा हिवाळा सरत आला. शेंगा निबर होऊ लागल्या. शेवटच्या पोपटीला साळू अशीच वाटेकडे डोळे लावून बसली आणि मडक्याचे भान राहिले नाही. जळका वास रानभर पसरला. त्या वासासरशी ससा कान विसरून धावत आला, खार पिल्लांसकट आली.

"ताई, काय गं झालं? भाजलं तर नाही ना कुठे?"

"मला काही झालं नाही. पोपटी तेवढी जळली," साळू म्हणाली आणि रडू लागली. "तुम्ही आलात! पण धोबी कुठे आहे? त्याला हाक मारा ना."

सशाने मान खाली घातली. "तो आज सकाळीच गेला, ताई. जाताना म्हणाला, 'साळूताईला सांग, यंदा पाणी शिंपडायला मला कुणी बोलावलंच नाही. मडक्यातलं कळणारं दुसरं कुणी मिळालं असेल. असू दे.'"

"अरे, मला कुठे कळतंय! म्हणून तर जळली," साळू म्हणाली.

तिघे खाडीच्या खडकावर गेले. पानात बांधलेले सगळे वाटे तिथे तसेच वाळून पडले होते. एकाचीही गाठ सुटलेली नव्हती.

परत येऊन त्यांनी मडक्यातल्या बऱ्या शेंगा वेचल्या आणि विस्तव विझेपर्यंत एकत्र बसून खाल्ल्या. त्या कडू लागल्या, तरी कुणी उठले नाही. धोब्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. त्या दिवसापासून साळू मडक्याशेजारी करवंटीत पाणी भरून ठेवू लागली. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ते रोज आटे, आणि आभाळाकडे बघत ती रोज नवे भरे.

तात्पर्य : मित्राच्या दारात नुसता वाटा ठेवून येऊ नये, त्याला हाक मारून आपल्याजवळ बसवावे. शेंगा पुढच्या वर्षीही पिकतील, पण या हिवाळ्यातली सोबत पुन्हा मिळत नाही.