ठकूच्या दारावरचा शब्द

लई वर्षांमागची गोष्ट. हसू नका, पण तेव्हा उंदरांनाही पासवर्ड लागायचा. शेताच्या बांधातल्या बिळाच्या दाराशी ठकू नावाची म्हातारी उंदरीण बसायची. बरोबर शब्द सांगेल त्यालाच ती आत घ्यायची. रोज नवा शब्द शोधून बिचारी पार थकली होती.

एकदा मागच्या फटीतून आवाज आला, "पाटलांच्या कचेरीतून बोलतेय. शब्द सांगा, नाहीतर तुमचं बीळ आजच बंद होईल."

आत चिमी उंदरिणीची पाच पिल्लं निजली होती. चिमी घाबरली आणि तिनं शब्द सांगून टाकला.

जरा वेळानं दाराबाहेरून कुणीतरी तोच शब्द म्हणालं.

"बरोबर," ठकू म्हणाली. "आता पाय दाखव."

बाहेर होती धामण. तिला पाय कुठले!

ठकूनं दाराचा दगड घट्ट लावला आणि ती मान खाली घातलेल्या चिमीकडे वळली. "अगं भवाने, शब्द मी देते, मग पाटील तुला कशाला विचारेल? या महिन्यातली तू चौथी!"

"चुकलं, मावशी. नवा शब्द काय?"

ठकूनं तिच्या कानात सांगितला. विसरायला नको म्हणून चिमीनं तो मोठ्यांदा दहा वेळा घोकला.

धामण अजून बाहेरच होती. ठकूनं कपाळाला हात लावला आणि दगडाला टेकून आणखी एक शब्द शोधायला बसली.