उणे चार आणि आत्याची वाटी

एका डोंगरावर होता स्ट्रॉबेरीचा मळा. मळ्याच्या बांधाला होतं एक बीळ. बिळात राहायची नाकुली चिचुंद्री. अंग अंगठ्याएवढं, नाक त्याहून लांब. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजा.

नाकुली आणि तिची आत्या, दोघी तिथे राहायच्या. घरात वाटी एकच. कुणाच्या तरी बाटलीचं निळं झाकण होतं ते, पण त्यांची ती वाटीच. सकाळी आत्या त्यात गरम पेज वाढायची. एक घास आत्याला, एक घास नाकुलीला.

वाटीला पेज चिकटायची. मग संध्याकाळी ती डबक्यात भिजत घालायची. पण थंडी फार असली तर वाटी घरातच.

थंडी किती, हे कसं कळायचं? मळ्यात बांबूवर एक डबी होती. हवा किती गार, किती गरम, ते ती आकड्यात सांगायची.

"मला सगळे आकडे येतात," नाकुली गावभर सांगायची. बेडकाला सांगितलं. गोगलगायीला दोनदा सांगितलं. म्हणून आत्या म्हणाली, जा गं, आकडा बघून ये.

नाकुली गेली. तुरतुर तुरतुर. डबीत होता चार. चारच्या आधी होती बारकी आडवी रेघ. नाकुलीने रेघेकडे पाहिलं. रेघेने नाकुलीकडे पाहिलं. नाकुली तशीच परत आली.

"चार," ती म्हणाली.

आत्याने वाटी डबक्यात ठेवली.

सकाळी नाकुली बाहेर आली. बघते तर काय, डबक्याचा झाला दगड. ठक ठक. ठक ठक. आत वाटी. वाटी हलेना. नाकुलीचं नाक लाल लाल झालं. आत्या अजून झोपली होती. आत्या उठायच्या आत वाटी काढायला हवी.

नाकुली म्हणाली, "बर्फा बर्फा, वाटी सोड.
आत्याला मी सांगू कसं?"

बर्फ म्हणाला, "वाटी इथे आली कशी?"

नाकुलीने शेपटीने तोंड झाकलं. "अशीच."

बर्फ म्हणाला, "मी बसलोय शून्याच्या खाली. शून्याच्या वर नेशील, तर सोडीन. उन्हाला आण."

नाकुली निघाली. तुरतुर तुरतुर. ऊन होतं डोंगराच्या डोक्यावर.

"उन्हा उन्हा, खाली ये.
बर्फ वाटी सोडेना.
आत्याला मी सांगू कसं?"

ऊन म्हणालं, "वाटी बर्फात गेली कशी?"

नाकुलीने शेपटीने तोंड झाकलं. "अशीच."

ऊन म्हणालं, "मध्ये धुकं आहे. धुकं हटेल, तर येईन."

नाकुली निघाली. तुरतुर तुरतुर. धुकं होतं दरीत, लोळत पडलेलं.

"धुक्या धुक्या, बाजूला हो.
ऊन येईना,
बर्फ वाटी सोडेना.
आत्याला मी सांगू कसं?"

धुकं म्हणालं, "वाटी बर्फात गेली कशी?"

नाकुलीने शेपटीने तोंड झाकलं. "अशीच."

धुकं म्हणालं, "मला पाय नाहीत. वारा ढकलेल, तर हटेन."

नाकुली निघाली. तुरतुर तुरतुर. वारा होता जांभळीच्या पानात, घोरत. घुर्र फूस. घुर्र फूस.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना.
धुकं हटेना,
ऊन येईना,
बर्फ वाटी सोडेना.
आत्याला मी सांगू कसं?"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "वाटी बर्फात गेली कशी?"

नाकुलीने शेपटीने तोंड झाकलं. "अशीच."

वारा म्हणाला, "कोंबडा आरवेल, तर उठेन." आणि परत घुर्र फूस.

नाकुली निघाली. तुरतुर तुरतुर. कोंबडा होता खुराड्यात, मान पंखात खुपसून.

"कोंबडोबा कोंबडोबा, आरवा ना.
वारा उठेना,
धुकं हटेना,
ऊन येईना,
बर्फ वाटी सोडेना.
आत्याला मी सांगू कसं?"

कोंबडा म्हणाला, "वाटी बर्फात गेली कशी?"

नाकुलीने शेपटीने तोंड झाकलं. "अशीच."

कोंबडा म्हणाला, "गळा गारठलाय माझा. ऐक." तो आरवला. आवाज आला, कु. नुसताच कु. "शेकोटी पेटेल, तर आरवेन."

नाकुली निघाली. तुरतुर तुरतुर. शेकोटी होती मळ्याच्या कडेला. वर राख, खाली एक निखारा.

"शेकोटी शेकोटी, पेट ना.
कोंबडा आरवेना,
वारा उठेना,
धुकं हटेना,
ऊन येईना,
बर्फ वाटी सोडेना.
आत्याला मी सांगू कसं?"

शेकोटी म्हणाली, "वाटी बर्फात गेली कशी?"

नाकुलीने शेपटीने तोंड झाकलं. "अशीच."

शेकोटी म्हणाली, "कुणी फुंकर घालेल, तर पेटेन."

नाकुलीने फुंकर घातली. फू. राख उडाली, नाकात गेली. आक् छी. निखारा होता तसाच.

शेकोटी म्हणाली, "ही कसली फुंकर? फुंकर घालावी ती तुझ्या आत्याने. तिला आण."

नाकुली उभीच राहिली. बर्फाकडे जाणं सोपं. उन्हाकडे जाणं सोपं. आत्याकडे कसं जायचं?

निघाली तरी. पण या वेळी तुरतुर नाही. एक पाऊल. थांबली. एक पाऊल. थांबली. आलं बीळ.

आत्या गोधडीत होती. नाकुली हळूच म्हणाली,

"आत्या आत्या, फुंकर घाल.
शेकोटी पेटेना,
कोंबडा आरवेना,
वारा उठेना,
धुकं हटेना,
ऊन येईना,
बर्फ वाटी सोडेना."

पुढचं काही तिला म्हणवेना.

आत्या उठून बसली. "वाटी बर्फात गेली कशी, बाळ?"

नाकुलीची शेपटी वर गेली. तोंडापाशी आली. आणि खाली पडली.

"मी चार सांगितलं. पण चारच्या आधी रेघ होती. मला दिसली होती गं आत्या. ती कसली, ते माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, मला सगळे आकडे येतात."

नाकुलीचं नाक जमिनीला टेकलं.

मग आत्या म्हणाली, "मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा मला ती रेघ मुंगीच वाटायची. रोज जाऊन फुंकर घालायची मी तिच्यावर. उडतच नव्हती मेली."

नाकुली खुदकन हसली. डोळ्यांत पाणी, तरी हसली.

आत्याने तिला बिळाच्या दारात नेलं. "हे दार म्हणजे शून्य. दारातून बांधावर चढ. एक, दोन, तीन, चार. वर वर ऊब. आता खाली ये दारात. शून्य. आता बिळात उतर. उणे एक, उणे दोन, उणे तीन, उणे चार. खाली खाली गारठा. रेघ दिसली की म्हणायचं उणे. उणे म्हणजे शून्याच्या खाली."

"म्हणजे काल उणे चार होतं?"

"उणे चार. चल, आता चढू या."

आत्याने गाल फुगवले. असे फुगवले, की बिळाचं दार अडलं. मग शेकोटीपाशी जाऊन घातली फुंकर. फूऽऽऽऽ.

शेकोटी पेटली. डबी म्हणाली, उणे तीन.

कोंबडा आरवला. कुकूच कू. डबी म्हणाली, उणे दोन. कोंबडा आरवला की कधी गरम होतं का? त्या डोंगरावर होतं.

वारा उठला. डबी म्हणाली, उणे एक.

धुकं हटलं. डबी म्हणाली, शून्य.

बर्फ म्हणाला, "थांबा, मी अजून विचार करतोय."

ऊन आलं. डबी म्हणाली, एक. नुसता एक. आधी रेघ नाही, बिघ नाही.

बर्फाला घाम फुटला. टप टप. टप टप. वाटी हलली. डुब डुब. वाटी सुटली.

आत्याने पेज केली. वाटीत वाढली. एक घास आत्याला, एक घास नाकुलीला. नाकुली म्हणाली, आज माझा घास तुला. आत्या म्हणाली, गप खा.

संध्याकाळी नाकुली डबीपाशी गेली. तुरतुर तुरतुर. डबीत होता दोन. दोनच्या आधी होती बारकी आडवी रेघ. नाकुलीने रेघेकडे पाहिलं. रेघेने नाकुलीकडे पाहिलं.

वाटेत गोगलगाय भेटली. तिला नाकुली म्हणाली, "मला सगळे आकडे येत नाहीत. पण उणे दोन येतो."

आणि घरी येऊन म्हणाली, "आत्या, उणे दोन. वाटी आज घरात."

वाटी घरात, ऊब उरात, गोष्ट निजली गोधडीत.